गल्लीत राहतं कोण

वारासिवनी रोडच्या कॉलनीत धम्मपालनं घर बांधलं तेव्हा चहूकडे धानाच्या बांध्या होत्या. मग शेजारी भैयालाल आणि गोदाबाई या जोडप्यानं बांधलं, हळूहळू गल्ली भरली. पोरं तिथंच सायकल शिकली, मोठी झाली, नागपूर-रायपूरला गेली आणि तिकडचीच झाली. आता निम्म्या दारांना कुलपं होती.

अशात कळलं की शहराच्या नव्या नकाशात ही गल्ली व्यावसायिक होणार. कोपऱ्यावर लग्नाचं लॉन, मागे गोदामं. हरकत असेल त्यांनी सुनावणीला यावं.

धम्मपालनं दारोदार फिरून पाहिलं. फक्त भैयालाल म्हणाला, "चला, माह्या गाडीवर जाऊ."

सुनावणीत साहेबांनी विचारलं, "उस गली में अभी रहता कौन है?"

धम्मपाल उभा राहून नावं सांगू लागला आणि मध्येच अडखळला. ज्याचं नाव ओठावर आलं तो दिवाळीतच मुलाकडे निघून गेला होता. "हम तो हैं ना साहब," तो म्हणाला, "मैं, और ये भैयालालजी."

भैयालाल उठला. धम्मपालकडे न बघता म्हणाला, "मुझे कोई आपत्ति नहीं है. कर दीजिए."

परतताना रेल्वे फाटक बंद होतं. भैयालालनं गाडी बंद केली.

"राग आला काय, भाऊ?"

"नाही."

"दोन्ही पोरं रायपूरले. गोदाचे गुडघे गेले. राह्याले म्हणून ते घर कोण घेते सांगा? दुकानवालाच घेईन."

"मंग सकाळीच काहून नाही सांगितलं?"

"जीभच नाही उचलली."

"हौ," धम्मपाल म्हणाला. राग येईल याची तो वाट पाहत होता. आगगाडी धडधडत गेली, फाटक उघडलं, तरी राग आला नाही. भैयालालच्या खांद्यावर हात ठेवून तो मागं बसून राहिला.

घरी बायकोनं, सत्यभामेनं विचारलं, "काय झालं?"

"नकाशात आहे तसंच होईल. भैयालालभाऊ घर विकून राह्यले."

तिनं ताट घेतलं. मग म्हणाली, "जेवता काय?"

तो पोटभर जेवला.

महिन्याभरात भैयालालच्या दारात ट्रक लागला. गोदाबाई सत्यभामेच्या गळ्यात पडून रडली. धम्मपालनं कपाटाला एका बाजूनं हात दिला, ड्रायव्हरला नाली सांभाळून मागं घ्यायला सांगितलं. ट्रक वळल्यावर तो आत आला, पंखा लावला, आणि त्याला लगेच झोप लागली.