पतंगाच्या मागचा पडदा

आमच्या बाबांनी बुटांच्या खोक्यात पाच महिने एक कोश सांभाळला. पतंगाचा. दिव्यावर येऊन धडपडतो ना, तो. सुरवंट सापडला तेव्हा त्यांचे डोळे बरे होते. पुढे सुरवंटाने कोश विणला आणि इकडे बाबांच्या नजरेतला मधला भाग गेला. कडेकडेचं दिसतं, समोरचं नाही. डॉक्टर म्हणाले, आहे तेवढं टिकलं तरी नशीब. मी डॉक्टरांवर चिडले, घरी येऊन बाबांवर चिडले. दुसरं काय येतं मला?

"एवढा बाहेर आलेला बघितला की झालं," बाबा म्हणायचे.

"म्हणजे मला बघायचं नाहीच आता!"

रोज सकाळी झाकण काढून ते खोकं तुतीच्या बुंध्याशी उन्हाला ठेवायचे. त्या दिवशी मी गेले तर कोश फुटलेला, खोकं रिकामं. शोधून शोधून डोळे फुटायची वेळ आली, तेव्हा खोडावर दिसला. करडा, खरबरीत, हुबेहूब सालीसारखा. बाबांनी सालीला नाक लावलं.

"कुठाय गं?"

"अहो, अगदी नाकासमोर आहे."

"नाकासमोरचंच तर दिसत नाही!" म्हणाले आणि हसले. मला हसू आलं नाही. दिवस मावळला की तो उडून जाणार होता, आणि परत कोण कशाला येतंय?

म्हटलं, फोटो काढते, कॉम्प्युटरवर मोठ्ठा करून दाखवते. वीस फोटो काढले. बाबा पडद्यासमोर मान तिरकी करकरून बघत होते.

"साल छान आलीय," म्हणाले.

आमचा पासपोर्ट फोटोंचा धंदा. आधी बाबांचा, आता माझा. मागे पांढरा पडदा, आणि गिऱ्हाईक पांढरा शर्ट घालून आलं तर खुंटीवर एक काळा कोट कायमचा टांगलेला. अर्ध्या गावाने तो कोट घातलाय. बाबांनी मला पहिल्या दिवशी शिकवलं होतं, 'माणूस पडद्यात मिसळला की फोटो वाया गेला.' पतंगाला कोट कुठून घालू? म्हटलं, पडदाच बदलू.

नळापाशी कर्दळ आहे. रुंद, हिरवीगार, गुळगुळीत पानं. बाबांना म्हटलं, "तुम्ही आतच बसा, तुमची सावली पडते." काडी पुढे धरली, पतंग शहाण्यासारखा चढला. काडी पानाला टेकवली, उतरला. आणि काय सांगू! पंखावरची रेघ न् रेघ मोकळी झाली. मिशा कंगव्यासारख्या. मी श्वास धरला आणि बटण दाबलं. व्वा! आणखी एक घ्यावा म्हणून पुन्हा डोळा लावला, तर कॅमेऱ्यात काहीतरी सप्पकन आलं आणि गेलं. नुसतं पान हलत होतं.

मान वर केली. समोरच्या पिवळ्या भिंतीवर बुलबुल बसला होता, चोचीत माझा पतंग. मी चप्पल फेकून मारली. तो भिंतीवरच दोन हात सरकला आणि पतंगाचे पंख झटकून टाकून त्याने उरलेलं गिळलं. चप्पल पलीकडे गेली ती गेलीच.

त्या मुक्या जिवाने आपला पडदा आपणच निवडला होता. मीच अक्कल पाजळायला गेले.

आत बाबा वाट बघत होते. फोटो लावला. त्यांनी मान डावीकडे नेली, उजवीकडे नेली, आणि थांबले.

"अगं, दिसला! हा बघ, पंखावर दोन गोल आहेत. मिशा बघ मिशा!"

"हो बाबा."

"इतका देखणा होतास व्हय रे तू?" ते पडद्याशी बोलत होते. डोळे भरून आले होते त्यांचे. मग एकदम माझ्याकडे वळले. "परत खोडावर ठेवलास ना? पानावर असा उठून दिसला तर पक्षी टिपतील."

"ठेवला," म्हटलं.

दुपारी त्यांनी खुर्ची तुतीखाली नेली. तो उडेल तेव्हा जवळ बसायचं होतं. खरं सांगायचंच, असं ठरवून मी तीनदा गेले.

"बाबा, ऐका ना..."

"शू! हळू बोल. बसलाय ना अजून?"

"बसलाय."

खोडाला धक्का लागू नये म्हणून त्यांनी पायही आखडून घेतले होते. चार वाजले, पाच वाजले. मी चहा नेला, तर कप ठेवतानाही आवाज होऊ दिला नाही त्यांनी. माझ्या हातात काही म्हणजे काही उरलं नव्हतं. उजेड पार गेला, आणि शेवटी ते मलाच करावं लागलं.

"उडाला, बाबा."

"उडाला? कुठल्या बाजूला गं?"

"पिवळ्या भिंतीकडे."

दुपारपासून तेवढं एकच मी खरं बोलले. बाबा धडपडत उठले, भिंतीकडे तोंड केलं, आणि बराच वेळ हात हलवत राहिले.