न्यायला न आलेल्या भावाच्या गावी

सूर्यालासुद्धा रीत कळते. पौषातल्या त्या सुवर्णकोवळ्या सकाळी तो बालाघाटाच्या कड्यावर चढला आणि द्वारकाबाईला सामोरा आला. ज्वारीच्या दुधाळ कणसांवरून, करडईच्या काटेरी पानांवरून तेज ओघळत ओघळत आला. तिच्या पाठच्या भावाला, आत्मारामाला, मात्र साठी उलटली तरी ही रीत कळली नव्हती. बहिणीला माहेरी न्यायला मुराळी जावा लागतो. बावीस पंचम्या गेल्या, बावीस श्रावण तिच्या कोयनाकाठच्या उंबऱ्यासमोर हिरवे होऊन ओसरले. हा गडी काही आला नाही.

कारण काय, तर वडिलांच्या तेराव्याला तिने चारचौघांत भावजयीच्या आमटीला पाणचट म्हटलं. पाणचट होतीच. ते ती आजही मागे घेणार नव्हती.

म्हणून ती आपली आपण निघाली. तीस वर्षं डेअरीला दूध वाहिलेली काळी सायकल, काष्ट्याचं लुगडं, एकटीचा रस्ता. अकरा दिवस चाकं फिरली. ऊसगंधी वाटांवरून, माणदेशाच्या शुष्कपिंगट माळांवरून, भीमेच्या नीलसंथ पाण्यावरून फिरली. आज बारावा दिवस. उरला एकच चढ.

चढ तांबूस, नागमोडी, संपता संपत नसलेला. उतरून सायकल हातात धरली असती तर गाव म्हणालं असतं, म्हातारी कशीबशी पोचली. तिला बसून जायचं होतं. माहेरच्या वेशीतून, घंटी वाजवत, ताठ मानेने.

निम्म्या घाटात एक जीप आडवी आली. कालच्या मुक्कामाहून कुणीतरी फोन केला होता. पांढरी टोपी, पिकल्या मिशा, ओशाळलेले डोळे. आत्माराम.

"आक्का, न्यायला आलोय. सायकल मागं टाकू, बस."

"घाट निम्मा झाल्यावर आलास व्हय? सर बाजूला."

"गुडघं बघ कसं थरथरत्यात."

"माझं हायेत. थरथरतील न्हाईतर नाचतील."

तिने पायडल दाबलं. चाक थबकलं, सायकल कलली, आभाळ तिरपं झालं. आणि केरिअरला मागून दोन हात लागले. जीप तिथेच सोडून, धोतराचा सोगा खोचून तो ढकलत होता. तिला कळलं. तिने पुन्हा पायडल दाबलं.

पुढे तिचा श्वास, मागे त्याचा श्वास. वर बाभळींची पीतकोमल फुलं, खाली तांबडी माती. एका रुसव्याची बावीस वर्षं चाकाखाली कुरकुरली, कुरकुरली आणि सपाट होत गेली.

माथा आला. वारा आला. केशरपिवळ्या रानांच्या पल्याड, चुलींच्या निळसर धुरात, माहेर दिसलं. तिचा पदर शिडासारखा फुगला. सायकल सळसळत उताराला लागली, आणि केरिअर धरून, धापा टाकत, पांढऱ्या मिशांचा आत्माराम पोरासारखा मागे धावू लागला.

मान न वळवता, रानभर ऐकू जाईल अशा खणखणीत आवाजात ती म्हणाली, "मुराळी तू वाईटच रं, आत्म्या. पण ढकलतोस झ्याक. आता सोडू नगं. वेशीतनं असंच जाऊ."