टोमेडाच्या होडीवरचा उजेड

अंधार पडून गेला तरी माझ्या नवऱ्याची, टोमेडाची, होडी आली नाही, तेव्हा मी किनाऱ्यावर नारळाच्या झावळ्या पेटवल्या. बाहेर प्रवाळाचे खडक आहेत. जाळ दिसल्याशिवाय त्यांतली वाट कुणालाच सापडत नाही. सगळा गाव सोबतीला बसला होता, सुपारी चघळत, टोमेडाच्या आळशीपणाची टिंगल करत.

मग पाण्यावर तो उजेड दिसला. नारिंगी, मुठीएवढा. तारा म्हणावा तर हलत होता, विमान म्हणावं तर आवाज नव्हता. थांबायचा, खाली उतरायचा, परत वर जायचा. काहीतरी हुडकत होता.

आमच्या किरिविना बेटावर हे पोरालाही ठाऊक असतं. काही बायका झोपल्या की त्यांचं दुसरं अंग उडतं, ते असं दिसतं. समुद्रात अडकलेल्या माणसांची काळजं खायला ते निघालेलं असतं.

"इसेपुना, जाळ विझव," टोमेडाचा मामा म्हणाला. अशा बायांना दूर ठेवायला तो आलं चावून चहूकडे थुंकत होता. "जाळ बघून इकडे वळेल ती."

"आणि तुमचा भाचा कुठे वळेल, मामा? खडकावर?"

"जीभ आवर. अशा रात्री बाई एकटी बाहेर बसली तर उडणारी तीच, असं म्हणतात लोक."

"म्हणू देत. जागेपणी कुणाला उडता येत नाही. त्यासाठी झोपावं लागतं!"

मामा उठला, आणि मागोमाग सगळे उठले. धडाधड दारं लागली. माझी जीभ मोठी, पण काळीज सशाचं. वर बघायचं नाही असं ठरवून मी झावळ्या टाकत राहिले आणि दर वेळी वर बघत राहिले.

केव्हातरी माझा डोळा लागला. जाग आली तेव्हा नुसते निखारे उरले होते आणि उजेड कुठेच नव्हता. उरल्यासुरल्या झावळ्या मी एकदम आत लोटल्या.

पहाटे होडी लागली. मी धावले, पण टोमेडा गुडघाभर पाण्यातच थबकला.

"तुझ्या जाळाच्या रोखाने वल्ही मारत होतो," तो म्हणाला. "मध्येच जाळ विझत आला. नेमका तेव्हाच तो उजेड माझ्या डोक्यावर आला. किती वेळ तिथेच होता. तो गेला आणि लगेच जाळ भडकला."

मी होडीचा दोर ओढायला लागले.

"तू रात्रभर जागी होतीस ना गं?"

"हो," मी म्हणाले.

त्याने मला जवळ घेतलं. घरी आला, भाजलेले कंद खाल्ले आणि घोरायला लागला. मी मात्र स्वतःला चिमटे काढत बसले. आधी दिसला तो उजेड दुसऱ्या कुणाचा असेल, पण मी झोपले तेव्हाचा? माझ्याबद्दल मला स्वतःला तरी कुठे काय ठाऊक आहे?

त्यानंतर मी धड झोपलेली नाही. आज दुपारी तो पुन्हा समुद्रावर गेलाय. आता अंधार पडलाय, आणि माझे डोळे मिटायला लागलेत.