वर्तणुकीचा रकाना

शिलाईवाल्या मावशींना खोटं बोलणं जमत नसे. गिऱ्हाईक पँट सैल करून मागायला आलं की त्या तोंडावर सांगायच्या, "कापड आटलेलं नाही, तुम्ही सुटलात." खोटं लिहिता मात्र छान येतं, हे त्यांना वयाच्या एकसष्टाव्या वर्षी कळलं.

पोरगी त्यांच्याकडे आली ती सात वर्षांची असताना. संस्थेने सांभाळायला दिलेली, म्हणजे कागदोपत्री तात्पुरती. दत्तक घेणारं घर मिळेपर्यंत ठेवायचं, मिळालं की हसतमुखाने निरोप द्यायचा, असा करार. ती शब्दाशब्दाला हुज्जत घालायची म्हणून मावशी तिला वकीलसाहेब म्हणायच्या. मावशींनी स्वतःच तिला दत्तक मागून पाहिलं. एकटी बाई, त्यात वय झालेलं. संस्थेने नाही म्हटलं, आणि नाही म्हणताना चहाही पाजला.

पोरगी बारा वर्षांची झाली तेव्हा संस्थेच्या मॅडम हसत हसत आल्या. "मावशी, एक जोडपं फाइल मागतंय!"

तिथली पद्धतच तशी होती. लोकांनी आधी फाइल वाचायची, पटलं तर मूल बघायचं. आणि फाइलमध्ये असायचे मावशींनी दर महिन्याला भरलेले फॉर्म. त्या महिन्याच्या फॉर्मवर, वर्तणुकीच्या रकान्यात, मावशींनी लिहिलं : चोरी करते. अक्षर वळणदार आलं. जोडप्याने फाइल परत पाठवली. दुसऱ्या जोडप्याच्या वेळी लिहिलं : अजून अंथरूण ओलं करते. तिसऱ्याच्या वेळी : लहान मुलांवर हात उचलते.

पोरीला मात्र घर हवं होतं. मावशी आवडत नव्हत्या असं नाही, पण तिला बाबा हवे होते, आणि दिवसभर शिलाई मशीन खडखडत नाही अशी एक खोली. हे ती मावशींना खुशाल सांगायची. प्रत्येक नकारानंतर ती आरशासमोर उभी राहून ओठ मिटून हसायचा सराव करायची, कारण तिच्या मते सगळा दोष पुढे आलेल्या दातांचा होता. तिसऱ्या नकारानंतर ती चार दिवस धड जेवली नाही. मावशींनी तिचं डोकं मांडीवर घेतलं, घास भरवले, "त्यांचंच नशीब फुटकं" म्हणाल्या. त्या चार दिवसांत त्या जितक्या सुखी होत्या, तितक्या उभ्या जन्मात नव्हत्या. लाज वाटायला हवी होती. वाटली नाही.

मग पोरगी चौदाची झाली तेव्हा चौथं जोडपं आलं. तो बसचा ड्रायव्हर, ती नर्स. त्यांनी फाइल पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचली आणि म्हणाले, "अशाच मुलीला घराची गरज असते."

तीन रविवार पोरगी त्यांच्याकडे जाऊन आली. येताना दात दाखवून हसत यायची. तिसऱ्या रविवारी म्हणाली, "मावशी, जायच्या दिवसासाठी मला एक ड्रेस शिवून दे ना." मावशींनी शिवला. माप घेताना टाचणी बोटात घुसली, तरी शिवला.

चौदा वर्षं पूर्ण झालेल्या मुलाने सह्यांच्या आधी स्वतःची फाइल वाचायची असते, हे करारात लिहिलेलं होतं. मावशींनी करारावर सही केली होती, तो वाचला नव्हता.

संस्थेच्या ऑफिसात, जोडप्यासमोर आणि मावशींसमोर, पोरीने पानं उलटली. "हे माझं नाहीये."

"असू दे गं," मॅडम म्हणाल्या. "हे सगळं मान्य करूनच ते तुला नेतायत."

"पण मी चोरी करत नाही!"

नर्सबाईंनी तिचा हात धरला. "आम्ही रागावणार नाही. फक्त खरं बोल."

पोरगी मावशींकडे बघत राहिली. शाळेच्या वह्यांच्या कव्हरांवर ज्या अक्षरात तिचं नाव असायचं, तेच हे अक्षर.

मावशी उठल्या. "मी खोटं लिहिलं. मला तिला जाऊ द्यायचं नव्हतं."

दुसऱ्या दिवशी ड्रायव्हरचा फोन आला. "एक तर मुलगी तशी आहे, नाही तर जिने वाढवली ती बाई तशी आहे. चोरी आम्ही निभावली असती. ह्याचं काय करायचं, आम्हाला कळत नाही. माफ करा."

संस्थेने मावशींचं नाव मुलं सांभाळणाऱ्यांच्या यादीतून काढलं. पोरीला अठरा होईपर्यंत मुलींच्या वसतिगृहात ठेवायचं ठरलं. पाचवं जोडपं येईल का, ह्यावर मॅडम म्हणाल्या, "चौदा वर्षांच्या मुलीला कोण विचारतं, मावशी?"

निघायच्या दिवशी पोरीने जुनाच फ्रॉक घातला. नवा ड्रेस खुर्चीवर तसाच राहिला. मॅडमची गाडी खाली थांबलेली. मावशी डबा घेऊन पुढे झाल्या, तो तिने घेतला नाही.

"एकच विचारते," ती म्हणाली. "मी चार दिवस जेवत नव्हते, तू भरवत होतीस. तेव्हा तुला बरं वाटत होतं?"

मावशींनी तोंड उघडलं. नाही म्हटलं असतं तर पोरीने कदाचित विश्वास ठेवला असता, तिला तो ठेवायचा होता.

"हो," मावशी म्हणाल्या.

पोरीने पिशवी खांद्याला अडकवली आणि ती जिना उतरून गेली.