गुहेत ओरडायचं नाही

माझा धाकटा दीर नेमेसियो गुहेत ओरडला, आणि शिक्षा मात्र गुहेला द्यायला निघाला.

आमच्या पाराग्वानाच्या कोरड्या द्वीपकल्पात पाऊस पाहुण्यासारखा येतो आणि चहूकडे निवडुंग. माझी खरबुजं धरतात ती गुहेतल्या वटवाघळांच्या लेंड्यांच्या खतावर. खत काढणाऱ्यांचा नियम एकच: आत आवाज चढवायचा नाही, वटवाघळं बिथरून गुहा सोडतात. ओरडेल त्याचं फावडं पुढच्या पावसापर्यंत बाहेर. नेमेसियोनं तोल सावरायला छताला हात टेकला, तो नेमका शंभर पायांच्या विषारी घोणीवर. ती चावली आणि हा बोंबलला. छताला हात लावू नये हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही कळतं.

दुसऱ्या दिवशी सुजलेला हात गळ्यात बांधून, रॉकेलचा डबा घेऊन स्वारी गुहेच्या तोंडाशी हजर. शेजारी एलेउतेरियोकाका, आमच्यातले सगळ्यात जुने खतवाले. मी फावडं आडवं धरून वाट अडवली.

"सगळ्या घोणी जाळतो, वहिनी. अंगावर उड्या मारतात मेल्या!"

"आणि वटवाघळं गेली की खरबुजांना काय तुझ्या मिशा घालू?"

"तुला चावली असती म्हणजे कळलं असतं. ती चावल्यावर गप्प राहील असा माणूस अजून जन्मायचाय."

"चल आत. मी ओरडले तर काडी मीच ओढते. नाही ओरडले तर डबा घरी आणि नियमाप्रमाणे तुझं फावडं बाहेर. काका, कबूल?"

"हर्मेलिंदा, तुझं डोकं फिरलंय," काका म्हणाले. "पण कबूल."

वटवाघळं उजेडानं बिथरू नयेत म्हणून बॅटरीच्या तोंडाला लाल फडकं बांधून आम्ही आत गेलो. दीड वीत लांब घोण छताला लटकत होती. मागच्या पायांनी दगड धरलेला, पुढचं अर्धं अंग हवेत मोकळं. आम्ही तिच्याखाली उभे होतो, पण तिला आमचं सोयरसुतक नव्हतं. वटवाघळं तिच्या अंगावरून वारा घालत जात होती. एक जरा जास्तच जवळून गेलं. तिनं उडतं वटवाघूळ पायांत कवटाळलं, मानेत नांग्या रुतवल्या आणि तिथंच लटकून खायला लागली.

"हिनं उडी मारली?" मी कुजबुजले.

मग मी हात वर केला आणि तिच्या मागच्या पायांवर तळवा दाबून धरला. घोण उलटी वळली, वटवाघूळ खाली पडलं, आणि तिनं माझ्या अंगठ्याच्या मुळाशी चावा घेतला. तापलेली सळई हाडात घालून फिरवावी तसं झालं. भीती वाटली, खोटं कशाला बोलू? टोपीची दोरी दातांत धरली आणि नेमेसियोच्या डोळ्यांत बघत उभी राहिले. वर एकही वटवाघूळ बिथरलं नाही.

बाहेर आल्यावर काकांनी नेमेसियोच्या हातून डबा घेतला.

मी ताठ मानेनं घरापर्यंत चालत गेले. शेळ्यांच्या वाड्यात शिरले, दार लावलं, आणि अशी बोंबलले की शेळ्या काटेरी कुंपण मोडून माळावर पळाल्या.

त्या हाकून आणायला मी नेमेसियोलाच पाठवलं. पुढच्या पावसापर्यंत त्याला दुसरं काम नव्हतं.