न बिघडणारा टीव्ही

टीव्हीवाल्या काकांनी चालू टीव्हीच्या पाठीवर तळहात टेकवला आणि डोळे मिटले. तापलेल्या लेकराच्या कपाळावर ठेवावा तसा तो हात त्यांनी बराच वेळ तिथेच राहू दिला. दुकानातली विक्रेती मुलगी रिमोट घेऊन उभी राहिली. मागे खुर्चीत बसलेले सासरे पुढे वाकून काकांच्या चेहऱ्याकडे बघत होते. सून दोघांच्या मध्ये उभी होती. काकांना इथे आणायची कल्पना तिचीच.

“हा तापतो,” काका म्हणाले. “दुकानात तापतो तो घरात दमतो. नको.”

सासऱ्यांचा जीव भांड्यात पडला.

नव्या टीव्हीचं घोडं बरेच दिवस त्यांच्यापाशीच अडलं होतं. सुनेने अभ्यास केला होता, अगदी परीक्षेला बसल्यासारखा. फोनवर लोकांचे अभिप्राय वाचता वाचता तिच्या ध्यानात आलं होतं, की भरभरून कौतुक करणाऱ्यांनी टीव्ही कालच घेतलेला असतो; खरं बोलतात ते वर्ष-दोन वर्षांनी परत येऊन लिहिणारे. कुठल्या कंपनीच्या पडद्यावर रेघा येतात, कुणाचा माणूस तक्रारीनंतर फिरकत नाही, हे तिला तोंडपाठ झालं होतं. पण तिने नाव सांगावं आणि सासऱ्यांनी नाक मुरडावं. एका कंपनीचं नाव कधी ऐकलं नाही म्हणून नको, दुसरीचं फारच ऐकलंय म्हणून नको. शेवटी तिचा नवरा वैतागून म्हणाला, बाबांना टीव्हीच नकोय. बाबांना काय हवंय ते सुनेला मात्र ठाऊक होतं.

घरातला टीव्ही जुना, पाठीला पोक आलेला, पण चिवट. अधूनमधून तो मुका व्हायचा. चित्र दिसे, आवाज नाही. मग काकांना फोन जाई. ते हत्यारांची पिशवी घेऊन येत, मागचं झाकण काढत, आणि त्या झाकणाशेजारी दोघे म्हातारे दुपार कलेपर्यंत गप्पा मारत बसत. तिथेच जेवण होई, तिथेच चहा. काकांची बायको गेली, पाठोपाठ त्यांचं दुरुस्तीचं दुकानही बंद झालं, तेव्हापासून ते मोकळेपणी बोलत ते एवढ्या एकाच घरात. मात्र त्यांचा नेम कडक होता. काम असल्याशिवाय कुणाची पायरी चढायची नाही. नुसतं जेवायला बोलावलं, तर येतो येतो म्हणत आणि येत नसत. सासऱ्यांनी त्यांच्याकडे जावं, तर काकांची खोली वरच्या मजल्यावर आणि सासऱ्यांचे गुडघे कामातून गेलेले.

एकदा सून ऑफिसातून लवकर परतली, तर सासरे टीव्हीमागे पाय पसरून बसलेले, मांडीवर स्क्रूड्रायव्हर. प्लग नीट काढून ठेवून ते स्पीकरची वायर हलकेच ओढून सोडवत होते. ती पाय न वाजवता तशीच बाहेर गेली आणि मग जोरजोरात बेल वाजवत राहिली. आधी तिला हसू आलं, आणि मग भरून आलं. ही गोष्ट तिने नवऱ्यालाही सांगितली नाही. पण आता त्या टीव्हीचा पडदाच गेला होता, वायर जोडून भागणार नव्हतं. चांगला टिकाऊ टीव्ही घरात आला, की काकांचं येणं संपलं.

निवडायला त्यांनाच बोलावलं तर तेही कामच, म्हणून ते आले होते. मनातून तिला वाटत होतं, काका एखादा जरा कुरकुर करणारा निवडतील.

काका पुढच्या टीव्हीकडे वळले. वायरी खोचायची जागा बोटाने हलवून पाहिली. ती हलली नाही. बाजूला जाऊन तिरकस बघितलं, रंग फिके पडत नव्हते. कधीपासून चालू आहे, असं विचारल्यावर मुलगी म्हणाली, सकाळी शटर उघडल्यापासून. त्यांनी पाठीवर हात ठेवला आणि त्यांचा चेहरा उजळला. इतकं मन लावून केलेलं काम त्यांना फार दिवसांनी बघायला मिळालं असावं.

सासऱ्यांनी ते पाहिलं आणि विक्रेतीला घाईघाईने विचारलं, “हा बिघडला तर कोण येतं?”

“कंपनीचा माणूस येतो ना, आजोबा. आतला सगळा बोर्डच बदलतो. दहा मिनिटांत मोकळा.”

“बसत नाही?”

मुलीला प्रश्न कळला नाही.

“हा घ्या,” काका टीव्हीकडेच बघत म्हणाले. “याला वर्षानुवर्षं कुणी हात लावायला नको.”

“अगदी कुणीच नको?”

“नको. मी खोटं कसं सांगू?”

त्यांनी रुमालाने हात पुसले आणि रुमाल घडी करून खिशात ठेवला. सासरे उठले. मित्राने शब्द टाकल्यावर त्यांनी नाही म्हटलं असतं, तर ते सासरे कसले.

टीव्ही भिंतीवर चढला आणि काकांच्या शब्दाला जागला. आवाज स्वच्छ, चित्र लख्ख. सासरे त्याच्यासमोर बसत, पण बघत खिडकीतून. एकदा ते सुनेला म्हणाले, याच्या पाठीत काही दडवायलाही जागा नाही. महिना गेला, दुसरा लागला. घरात सगळं चालू होतं, आणि सुनेला ते बघवेना.

मग एका सुट्टीच्या दिवशी तिने काकांना फोन केला. मिक्सर बंद पडलाय, म्हणाली.

काका पिशवी घेऊन आले. सासरे लगबगीने सतरंजी अंथरून बसले. काकांनी मिक्सर उलटा केला, बुडाचं झाकण काढलं आणि चष्मा कपाळावर सरकवून आत डोकावले. एक वायर जागेवरून सुटलेली होती. जळलेली नाही, तुटलेली नाही. उलट, दुसरीकडे कुठे चिकटू नये म्हणून कुणीतरी ती शिवणाच्या दोऱ्याने नीट बाजूला बांधून ठेवलेली, वर छोटीशी गाठ.

काकांनी मान वर करून मित्राकडे पाहिलं.

“या वेळी मी नाही,” सासरे बोलून गेले, आणि आपण काय बोललो ते कळून कानापर्यंत लाल झाले.

“ठाऊक आहे,” काका म्हणाले. “तुम्ही गाठ मारत नाही.”

स्वयंपाकघरातला भांड्यांचा आवाज एकदम थांबला. काकांनी झाकण शेजारी ठेवलं, स्क्रूड्रायव्हर पिशवीत टाकला आणि भिंतीला पाठ टेकून ऐसपैस बसले.

“सूनबाई,” त्यांनी आत आवाज दिला, “बिघाड मोठा आहे. जेवून मगच हात घालावा लागेल.”