आदरार्थी अनेकवचन

रुसियातेला बोलता येत होतं, तोरिकाला ऐकू येत होतं, आणि तरीही गेल्या आठ वर्षांत रुसियाते तोरिकाशी एक अक्षर बोललेला नव्हता. भांडण वगैरे काही नव्हतं. दोघांच्या आया सख्ख्या बहिणी होत्या, एवढंच.

आया बहिणी म्हणजे लेकरं भाऊ-बहीण. आणि वुनिवासा गावात भाऊ-बहीण मोठे झाले की एकमेकांशी बोलत नाहीत, एका चटईवर बसत नाहीत, आणि दारात समोरासमोर आले तर एकजण खिडकीतून जातो. गावच्या शाळेचं छप्पर दोन वादळांत दोनदा उडालं होतं. या नियमाचा पत्रासुद्धा हललेला नव्हता. तोरिका नऊ वर्षांची होईपर्यंत रुसियातेच्या खांद्यावर बसून मैदानावर यायची आणि वरून अखंड बडबड करायची. मग एक दिवस मावशीने तिला खाली उतरवलं, आणि बडबड थांबली. खांद्यांना हलकं वाटायला हवं होतं. वाटलं नाही.

आता ती सतरा वर्षांची होती आणि तो तिचा कोच होता.

उत्तर विभागाची रग्बी अकादमी म्हणजे उसाच्या गाड्या तोलायची एक जुनी शेड, नऊ चेंडू आणि चार शाळांमधून निवडून आणलेल्या मुली. शेडमधला वजनकाटा अजून चालू होता, पण पाव टनाखाली हलत नसे. म्हणून पुढच्या फळीतल्या चौघी एकदम त्यावर उभ्या राहायच्या आणि मग भागाकार करायचा. त्यामुळे अकादमीच्या वहीत चौघींचं वजन कायम तंतोतंत सारखं होतं. राजधानीतल्या, म्हणजे सुव्याच्या, मुख्य कचेरीने याबद्दल एकदा कौतुकाचं पत्रही पाठवलं होतं.

त्या चौघींतली तोरिका म्हणजे चमत्कार होता. तिला अडवायला तिघी लागायच्या, चौथी बरोबर पाण्याची बाटली घेऊन. खोट एकच. चेंडू हातात आला की ती मैदानभर नजर फिरवायची, समोरच्या संघातली सगळ्यात आडवी मुलगी शोधायची आणि थेट तिच्यात घुसायची. शेजारी बैलगाडी वळवता येईल एवढी जागा रिकामी असली तरी.

हे तिला सांगायला रुसियातेजवळ लेंबा होती. लेंबा त्याची मामेबहीण, आणि मामे-आतेंना सगळं माफ: चेष्टा, शिव्या, एकमेकांच्या ताटातला मासा पळवणं. तळहाताएवढी पोर, पण जीभ दोन माणसांची.

"लेंबा, तिला सांग, शेजारी जागा मोकळी असते, तिकडे बघ."

तोरिका चार पावलांवर उभी होती. लेंबा तिच्याकडे वळली. "तोरिका, कोच म्हणतोय, डोळे काय फक्त झोपताना मिटायला दिलेत?"

"मी असं म्हणालो नाही."

"मी भावार्थ सांगितला."

"तिला सांग, आज ती छान पळाली."

"तोरिका, कोच म्हणतोय, आज तू मावशीच्या डुकरिणीला मागे टाकलं असतंस. गाभण असती तर."

मुली हसायच्या. तोरिकाही हसायची, पण बुटांकडे बघून. रुसियातेला वाटायचं, ती लाजते.

शुक्रवारी संध्याकाळी शेडच्या पायरीवर तिचे बूट ठेवलेले होते. धुऊन, नाड्या बांधून, शेजारीशेजारी. लेंबा पायरीवर बसली होती, आणि गप्प होती. ही दुसरी गोष्ट जास्त भीतिदायक होती.

"तोरिका उद्या येणार नाही," लेंबा म्हणाली.

रुसियाते पायरीवर तिच्या शेजारी बसला. उद्या निवडीचा सामना होता. सुव्याहून निवड करायला अकोसिताबाई येणार होत्या, आणि सुव्याच्या वसतिगृहातली एक जागा उत्तर विभागातल्या एका मुलीची होती. शाळा, खेळ, सगळं तिथेच.

"का नाही येणार?"

"तू तिला बैल म्हणालास म्हणून."

"मी?"

"म्हणजे मी म्हणाले. पण तुझ्या नावाने." लेंबाने नखाने पायरीवरचा चिखल खरवडला. "तू म्हणालास, 'ताकद आहे, फक्त जरा थांबून बघायला हवं.' मी थोडं मीठ घातलं."

"किती?"

"समुद्र." लेंबाचे डोळे भरले. "रुसि, मला वाटलं ती हसतेय. ती म्हणते, तू तिला नाइलाजाने खेळवतोस. मावशीची मुलगी म्हणून."

रुसियातेने बूट उचलून मांडीवर घेतले. बोलायला खूप होतं आणि ज्या मुलीपाशी बोलायचं ती जगात एकटीच अशी होती जिच्याशी बोलता येत नव्हतं.

"जा," तो म्हणाला. "मीठ काढून सांग. मी काय काय म्हणालो होतो ते सगळं, शब्दाला शब्द."

लेंबा गेली. तीन तास ती मावशीच्या ओसरीवर खरं बोलत होती, ओरडून बोलत होती, चर्चमधल्या बायबलवर हात ठेवून बोलते म्हणत होती. पण लेंबाच्या तोंडून खरं ऐकायची गावाला सवय नव्हती. तोरिकाने एक शब्द धरला नाही. शेवटी मावशीच वैतागून म्हणाली, "संघात नाव दिलंयस ना? मग उद्या खेळ आणि परवा काय ती रड." तोरिका खेळायला तयार झाली. सुव्याला मात्र जाणार नाही म्हणाली. आणि लेंबाचा आवाज पार बसला. सकाळी तिने तोंड उघडलं तर आतून फक्त वारा आला.

शनिवारी मैदानाच्या कडेला चटया पसरून अख्खं गाव बसलं होतं. समोर तावेउनी बेटावरच्या मुली होत्या, आणि त्यांच्यात किनिसिमेरे नावाची एक होती. तिच्या सावलीत दोन म्हाताऱ्या कसाव्याचे कंद सोलत बसल्या होत्या. तोरिकाने तिला एकदा बघितलं आणि रुसियातेला पुढचं सगळं दिसलं.

पूर्वार्धात तोरिका किनिसिमेरेवर अकरा वेळा आदळली. मध्यंतरापर्यंत दोघींची इतकी ओळख झाली, की पडल्यापडल्या एकमेकींच्या घरची खुशाली विचारत होत्या. अकोसिताबाईंनी वहीत काहीतरी लिहिलं, मग खोडलं.

"लेंबा, खुणेने सांग," रुसियाते कुजबुजला. "मोकळी जागा. रुंद."

लेंबाने तोरिकासमोर दोन्ही हात जमेल तेवढे फाकवले. तोरिकाने स्वतःच्या कमरेकडे बघितलं. तिचा चेहरा पडला. लेंबाने घाईघाईने कपाळावर हात मारून घेतला, आणि तोही तोरिकाने स्वतःवरच घेतला.

सामना संपायला दोन मिनिटं उरली. तोरिकाकडे चेंडू आला. समोर किनिसिमेरे. डावीकडे सगळं रान मोकळं.

नियमाला एक फट होती, फार जुनी. होडी उलटली किंवा घर पेटलं तर बहिणीशी बोलता येतं; पण पाठ फिरवून आणि अनेकवचनात. रुसियातेने मनातल्या मनात घर पेटवलं, मैदानाकडे पाठ केली आणि उसाच्या शेताकडे बघून ओरडला:

"तुम्ही डावीकडे बघा! तुम्ही डावीकडे जा!"

मागे धावपळीचा आवाज झाला. त्याने वळून बघितलं. त्याच्या चौदाच्या चौदा मुली डावीकडे धावत होत्या. कोच 'तुम्ही' म्हणाला, म्हणजे आपण सगळ्या. त्यांच्यामागे तावेउनीच्या मुली धावल्या, कारण मागे राहून काय करणार. रेषेवरचा पंच झेंडा घेऊन धावला. चटईवरच्या बायकांनीही माना डावीकडे वळवल्या. एकटी तोरिका सरळ निघाली होती, कारण एक गोष्ट तिला पक्की माहीत होती: हा माणूस कोणाशीही बोलत असेल, आपल्याशी नाही. आणि तिच्यासमोर किनिसिमेरे, तीही जागची हललेली नव्हती. इतक्या ओळखीनंतर ते बरं दिसलं नसतं.

डावीकडे आता मुंगीला जागा नव्हती. उजवीकडे मात्र कोणी म्हणजे कोणी नव्हतं.

रुसियातेच्या डोक्यातलं घर खरोखर पेटलं.

"तोरिका! तू! उजवीकडे! अगं बाळे, उजवीकडे!"

पंचाच्या तोंडातून शिट्टी पडली. एका म्हातारीने कसाव्याऐवजी अंगठा सोलला. तोरिका थबकली, आणि आठ वर्षांत पहिल्यांदा तिने त्याच्याकडे सरळ बघितलं. मग उजवीकडे बघितलं. तिथे साठ पावलं गवत होतं. असं गवत मैदानात असतं हे तिला जणू कोणी सांगितलंच नव्हतं. ती पळाली. किनिसिमेरेने मागून तिला "जा, जा!" म्हटलं आणि नंतर आपल्या संघाची माफी मागितली. तोरिकाने रेषेपलीकडे चेंडू टेकवला आणि तिथेच खाली बसून रडायला लागली.

सामना तावेउनीनेच जिंकला, पण ते नंतर कोणालाच आठवेना. अकोसिताबाईंनी वहीत एकच नाव लिहिलं आणि ती वही तोरिकासमोर धरली. "सोमवारी दुपारची बोट. येतेस?"

तोरिकाने डोळे पुसले. "नाही बाई. भावाला चारचौघांत नियम मोडावा लागला. इतकं वाईट खेळणारी मुलगी तुम्हाला कशाला?"

अकोसिताबाई म्हणाल्या, सोमवारपर्यंत विचार कर. रुसियातेला मावशीचा निरोप आला: उद्या चर्चनंतर माफीसाठी कावाची मुळी घेऊन ये.

रविवारी तो नवा सुलू कमरेला गुंडाळून, कावाची मुळी हातात धरून मावशीच्या घरी गेला. वर, मानाच्या बाजूला, गावातले दहा जाणते बसले होते. खाली दाराशी बायका. शिवणयंत्रामागे भिंतीकडे तोंड करून तोरिका. लेंबा कोपऱ्यात, अजूनही मुकी.

त्याने मुळी चटईवर ठेवली, मान खाली घातली. "मावशी, तुमच्या लेकीचं नाव माझ्या तोंडून गेलं. चुकलो. पदरात घ्या."

असं म्हटलं की माफी मिळते, मुळी कुटून कावा प्यायला जातो आणि माणसं जेवायला मोकळी होतात. जाणते मुळीकडे हात पुढे करणार, तेवढ्यात मावशी म्हणाली, "थांबा. का हाक मारलीस?"

जाणत्यांनी एकमेकांकडे बघितलं. हे कोणी विचारत नसतं.

"उजवीकडे जागा मोकळी होती," रुसियाते चटईला म्हणाला.

"जागा रोजच मोकळी असते. आजवर नाही ओरडलास. गुन्हा सांगायचा तर पुरता सांग, अर्धा मी घेत नाही."

तो चटईचाच एक धागा पकडून बोलायला लागला. "सहा वर्षं मुली खेळवतोय मावशी. पळणं शिकवता येतं, बघणं शिकवता येतं. पडून पुन्हा उठणं नाही शिकवता येत, ते तुमच्या लेकीकडे आहे. दुसरी अशी मी बघितली नाही. ती आली नाही त्या दिवशी मी सराव लवकर सोडतो. सुव्याला तिने जावं, कारण मला येतं ते सगळं तिला आता आलंय. हे मी रोज सांगायचो. दुभाषी वाईट मिळाली."

लेंबाने निषेधाला तोंड उघडलं. वारा आला.

मावशीने कानामागे हात धरला. "ऐकू नाही आलं रे. पुन्हा सांग."

गावाच्या दुसऱ्या टोकाला नारळ पडला तर कोणाच्या झाडाचा ते मावशी घरातून सांगायची. जाणते छताकडे बघायला लागले. रुसियातेने पुन्हा सांगितलं, मोठ्याने. शिवणयंत्रामागची पाठ हलायला लागली.

"वय झालं बाबा. अजून एकदा."

तिसऱ्यांदा सांगताना तो "दुसरी अशी मी बघितली नाही" इथपर्यंत आला आणि चटईचा धागा तुटून त्याच्या हातात आला.

"आई," शिवणयंत्रामागून आवाज आला, नाकातून, ओला. "त्यांना सांग, पुरे आता. आणि उद्या मला बोटीपर्यंत सोडायला या म्हणावं त्यांना."

मावशीने वरच्या बाजूला नजर फिरवली. तिथे रुसियाते धरून अकरा पुरुष बसले होते.

"ऐकलंत?"

"येऊ की," अकराही जण म्हणाले. सोमवारी बंदरावर अकरा माणसं एका मुलीची एक पिशवी धरून उभी होती. दहा जणांची तोंडं बोटीकडे होती. अकराव्याने पाठ फिरवलेली होती, आणि त्याच्या एकट्याच्याच पाठीकडे बघून तोरिका बोट दिसेनाशी होईपर्यंत हात हलवत राहिली.